आलोचं आले

जालन्यात खोली शोधताना घरमालकांचे सगळे प्रश्न मला पाठ झाले होते. आधी आडनाव. ते सांगितलं की जरा शांतता. मग "आमच्याकडं पाव्हणे यायचेत, खोली लागेल," किंवा "आमचं देवघर खालीच आहे हो." मी मंठ्याकडची, बौद्ध, एकटी, बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. एवढं सगळं एका दमात कुणाला पचत नसे. म्हणून या गृहस्थांच्या फाटकाशी उभी राहिले तेव्हा आडनाव मीच आधी सांगून टाकलं. उगाच दोघांचा वेळ कशाला घालवा!

त्यांनी ते ऐकल्यासारखंसुद्धा केलं नाही. पांढरा फुल शर्ट, गळ्याचं बटणही लावलेलं, नाकावर घसरलेला चष्मा. माझ्याकडं रोखून बघत त्यांनी विचारलं, "चर्चची गाणी येतात का तुम्हाला?"

"नाही."

"एक बी न्हाई? मिशनच्या शाळेत होत्या का कधी?"

"झेडपीच्या शाळेत होते."

"मंग खोली तुमची," म्हणाले आणि चावी माझ्या हातात दिली.

म्हातारा जरा सटकलेला आहे, असं मला वाटलं. ते तितकंसं खोटंही नव्हतं.

खोलीबरोबर एक अट होती. शनिवारी दुपारी खाली यायचं आणि त्यांनी कॉम्प्युटरवर लिहिलेली गाणी मोठ्यानं वाचायची. गायची नाहीत, वाचायची. "ज्याला गाणं पाठ असतं ना मॅडम, त्याला चूक दिसत न्हाई. डोळे पडद्यावर असतात अन् वाचतो तो डोक्यातलं. मला कोरा माणूस पायजे." आजवर लोकांनी मला बरंच काही म्हटलं होतं, कोरा माणूस कुणी म्हटलं नव्हतं. मला ते आवडलंच.

सारी नोकरी त्यांनी अंबडच्या कोर्टात मराठी टायपिस्ट म्हणून काढली होती. रिटायर होऊन जालन्याच्या घरी आले, तेव्हा चर्चमध्ये नुकताच पडदा आला होता. पूर्वी उपासनेला लोक गीतांची पुस्तकं घेऊन येत. आता गाण्याचे शब्द समोर पडद्यावर उमटत आणि मंडळी, म्हणजे चर्चला येणारे सगळे लोक, ते बघून गात. शब्द टाइप करण्याचं काम आधी दुसऱ्या कुणाकडं होतं. त्या भल्या माणसानं एकदा 'माझे पाप धुऊन टाक' लिहिताना 'प'च्या जागी 'ब' दाबला. आणि सगळ्या मंडळीनं हात वर करून, डोळ्यांत पाणी आणून गायलं, 'माझे बाप धुऊन टाक.' पुढच्या रविवारपासून काम यांच्याकडं आलं.

हा किस्सा ते हसत सांगत, पण शेवटी गंभीर होत. "ध्यानात घ्या मॅडम. मंडळी पडद्यावर दिसेल ते म्हणती. बिलकुल विचार करीत न्हाई. मंग जबाबदारी कुणाची?"

त्यांचं टायपिंग ऐकण्यासारखं असे. लॅपटॉपच्या त्या नाजूक बटणांवर ते कोर्टातल्या लोखंडी मशीनसारखे तुटून पडत. टेबल हले, कपातला चहा बशीत येई. ओळ संपली की डावा हात आपोआप वर जाई आणि हवेत काहीतरी ढकलून परत येई. नसलेल्या टाइपरायटरचा दांडा होता तो. एक अक्षर चुकलं तरी अख्खं पान पुसून पहिल्यापासून लिहीत. मी म्हटलं, "काका, तेवढंच अक्षर बदला की, कुणाला कळतंय?" तर म्हणाले, "मला कळतंय ना. खाडाखोड केलेली नक्कल कोर्ट घेत न्हाई."

ओळ कुठं तोडायची याचाही त्यांचा एक प्रयोग होता. गाणं म्हणत जिना चढायचा आणि जिथं दम लागेल तिथं ओळ तोडायची. मी वर खोलीत असले की आधी गाणं ऐकू येई, मग धाप, मग पायरीवरच उभं राहून पुटपुटलेलं "हितं." काही दिवस मला भीती वाटायची, नंतर सवय झाली. 

आणि एक खोड फार मोठी. ओळीत एकटा शब्द ते राहू देत नसत. जागा न पुरून एखादा शब्द खाली घसरला, की वरच्या ओळीतला आणखी एक शब्द ओढून त्याच्या शेजारी बसवत. पडद्यावर 'कृपा' एकटीच खाली पडलेली मी एकदा दाखवली, तर केवढे कासावीस झाले! "सोबत द्या तिला, सोबत द्या," म्हणत बटणं बडवायला लागले. इतर लोक गाण्यांच्या मागं सूर्योदय, धबधबे लावतात, तेही यांना चालत नसे. पांढऱ्यावर काळं, बस.

घरात आम्ही दोघंच. सकाळी कामाला निघताना मी ओसरीवरून म्हणायची, "काका, येते." निघताना 'जाते' म्हणायचं नसतं, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. ते पेपरातून मान वर करून म्हणत, "या मॅडम, या." मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी कधी अगंतुगं केलं नाही. मी 'जय भीम काका' म्हणायची, ते 'सलाम मॅडम' म्हणायचे. संध्याकाळी ते खाली एकटेच मोठ्यानं पेपर वाचत, कोर्टात जबाब वाचून दाखवावा तसे, एका सुरात. वर माझ्या खोलीत मीही एकटीच असायची. दिवसभर ओल्या कागदात गुंडाळलेल्या बियांना कोंब आले की नाही ते बघून डोळे शिणलेले असत. बाजारभाव आणि निधनवार्ता ऐकत मी पोळ्या लाटायची. त्या आवाजाची मला सोबत वाटायची. त्यांना माझ्या पावलांची वाटत असावी.

एका गोष्टीवरून मात्र मी त्यांच्याशी भांडले. घराच्या पुढच्या दाराला आतून कडीच नव्हती. कडी जिथं होती तिथं लाकडात स्क्रूची भोकं तेवढी राहिलेली. वाऱ्यानं दार उघडू नये म्हणून ते एक वीट लावून ठेवत. मी म्हटलं, "काका, मी बाईमाणूस वर एकटी झोपते. दाराला कडी लावून घ्या." दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्या खोलीला वर एक आणि खाली एक अशा दोन भक्कम कड्या बसवून दिल्या. पुढचं दार तसंच राहिलं.

रविवारी चर्चहून आले की ते शर्ट बदलत नसत. गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या शर्टात संध्याकाळपर्यंत ओसरीवर बसून राहत. "कुणी यायचंय का काका?" मी विचारायची. "यायला काय, कुणी बी येऊ शकतं," ते म्हणत. कुणी येत नसे.

अशाच एका शनिवारी मी वाचत होते. प्रयोगशाळेतून थेट आलेली, वर पंखा गरम हवा फेकत होता. गाणं होतं घर सोडून गेलेल्या आणि हाल होऊन परत आलेल्या मुलाचं. बापाच्या दारात उभा राहून तो म्हणतो आहे. मी वाचलं:

थकून भागून, बापा, परत घरी आले मी
कडी काढ दाराची, उंबऱ्याशी थांबले मी

बटणांचा आवाज थांबला. "परत वाचा," ते म्हणाले.

मी परत तेच वाचलं.

"लिहिलंय ते वाचा मॅडम."

मी नीट बघितलं. पडद्यावर 'आलो' होतं, 'थांबलो' होतं. मला हसू आलं. "चुकलं काका. जिभेला सवय आहे ती तशीच वळली. आता बाईमाणूस 'आलो' कशाला म्हणेल? तुमच्याकडच्या बायका काय सगळ्या 'आलो मी, थांबलो मी' म्हणतात?"

"छापलंय तसं म्हणतात," ते म्हणाले. मग उठून दाराशी गेले, विटेला पायानं इकडून तिकडं सरकवलं आणि तिथंच उभे राहिले. त्या दिवशी वाचनानंतरचा चहा झाला नाही. माझं काहीतरी चुकलं एवढंच मला कळलं.

पुढच्या शनिवारी चहा आधी झाला. माझ्याकडं न बघता, लॅपटॉपच्या झाकणावरून हात फिरवत त्यांनी सांगितलं.

त्यांना एक मुलगी होती. बायको लवकर गेली, पोरीला यांनीच वाढवलं. ती चर्चमध्ये गाणी म्हणायची. लहानपणीच तिनं विचारलं होतं, "बाबा, मुलगा परत आला तर 'आलो' म्हणतो. मुलगी परत आली तर तिनं काय म्हणायचं?" यांनी सांगितलं, छापलंय तसं म्हणायचं. पोर कसली ऐकते! सणाच्या उपासनेत पुढं उभी राहून तिनं खणखणीत आवाजात 'आले मी' म्हटलं. यांनी तिला सगळ्यांसमोर पुन्हा उभं केलं आणि पुस्तकाप्रमाणे म्हणायला लावलं.

"तिनं म्हटलं. पण माझ्याकडं बघून म्हटलं न्हाई."

मोठी झाल्यावर तिनं अंबडच्या एका मुलाशी लग्न ठरवलं. शेतकरी घरातला, चर्चच्या बाहेरचा. यांनी नाही म्हटलं. ती बॅग घेऊन निघाली.

"निघताना 'येते' म्हणली न्हाई मॅडम. 'जाते' म्हणली. मी जन्मभर लोकांच्या चुका काढल्या, पर ती दुरुस्ती केली न्हाई."

बऱ्याच दिवसांनी, एका दुपारी ती आली होती. दार वाजवलं. "बाबा, आले मी," म्हणाली. यांनी आवाज ओळखला. कडी आतून लावलेली होती. हे खुर्चीत बसून होते, ते बसूनच राहिले. तिनं आणखी एकदा हाक मारली आणि मग पावलं फाटकाकडं गेली.

"कडी मंग मी त्याच दिवशी काढली. स्क्रू ड्रायव्हर घेऊन. काय उपयोग?"

मी म्हटलं, "काका, अंबड काय लांब आहे? दिवसभर एस.टी. असते. तुम्हीच जा ना."

"अन् ती बी खुर्चीतून उठली न्हाई तर?"

मी कपबश्या गोळा करायला लागले.

मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि वेगळंच विचारलं. चर्चमधली उपासना आता फोनवर बघता येते म्हणतात, ते खरं का? अंबडला जाऊन आलेल्या कुणा बाईनं त्यांना सांगितलं होतं की तुमची मुलगी रविवारी फोनवर उपासना लावती. मी माझ्या फोनवर मागच्या रविवारची उपासना लावून दाखवली. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, दिसत होते, फुलदाणी दिसत होती. पडद्याचा मात्र नुसता काठ दिसत होता. कॅमेरा तसाच लावलेला होता. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आडवा केला.

"माझं अक्षरच दिसत न्हाई," ते म्हणाले. इतका पडलेला चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता. शर्टाची इस्त्री तेवढी ताठ होती.

"नाही दिसत काका. पण गाणं ऐकू येतंय की."

ते माझ्याकडं बघतच राहिले. "बराबर," म्हणाले. "ऐकू येतंय. बिलकुल बराबर." आणि जरा वेळानं, "ह्या रविवारी तुम्ही चर्चला या. फोन घेऊन या. मागं बसा अन् आवाज कसा जातो ते बघा."

मी गेले. चर्चमध्ये मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, मधल्या वाटेत टेबलावर लॅपटॉप मांडून हे. मी बायकांच्या बाजूला शेवटच्या बाकावर बसले आणि फोनवर तीच उपासना थेट लावून फोन कानाशी धरला. शेजारच्या बाईनं माझ्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं. प्रार्थना झाली, पेटी वाजायला लागली, आणि पडद्यावर काळ्या ठळक अक्षरांत उमटलं:

थकून भागून, बापा, परत घरी आले मी
कडी काढ दाराची, उंबऱ्याशी थांबले मी

बायका अडखळल्या. इतकी वर्षं 'आलो' म्हणणाऱ्या जिभा, त्यांना आपलाच शब्द उच्चारायला धीर होईना. पण पुरुष! त्यांनी नेहमीप्रमाणे पडद्याकडं बघितलं आणि आपल्या जाडजूड, खर्जातल्या आवाजात, छाती भरून गायलं, 'परत घरी आले मी.' पुढच्या बाकावरचे एक आजोबा दचकून मोठ्यानं म्हणाले, "कोण आले?" सगळं चर्च हसलं. मीही हसले. तेवढे एकटे हे हसले नाहीत. आजोबांचा प्रश्न ऐकून त्यांनी झटकन मान वळवून चर्चच्या दाराकडं बघितलं.

दारात कुणी नव्हतं.

पुढचं कडवं यायला हवं होतं. त्यांनी ते पान हलवलंच नाही. पेटीवाल्याला काही सुचेना, त्यानं तीच ओळ पुन्हा धरली. या वेळी बायकांनी आवाज सोडला. माझ्या शेजारची बाई तर इतक्या जोरात 'आले मी' म्हणाली की मला फोनवर दुसरा हात धरावा लागला. फोनमध्ये गाणं जरा उशिरा पोचत होतं. इथलं विरून गेल्यावर माझ्या कानात ते पुन्हा आलं, बारीक, दूरचं, पण स्पष्ट. आले मी. थांबले मी.

यांनी वळून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. गेलं काका, बराबर गेलं. तेव्हा कुठं त्यांनी पान पुढं केलं, आणि डावा हात हवेत जाऊन काहीतरी ढकलून आला.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब बाहेर आले. तरुण होते, स्वभावानं मऊ. "काका, टायपिंगची चूक झाली वाटतं," म्हणाले. हो म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता.

"चूक न्हाई साहेब. दुरुस्ती हाय."

पाळकसाहेबांनी समजावलं. पुस्तकात 'आलो' आहे, लोक हसले, उपासनेत असं बरं दिसत नाही, पुढच्या वेळेपासून पुस्तकाप्रमाणे ठेवा. मी तावातावानं म्हणणार होते की अहो साहेब, अर्ध्याहून जास्त चर्च बायकांनी भरलेलं आहे. पण मी पडले बाहेरची. आणि हे तर कोर्टातले. "हुकूम," म्हणाले आणि सायकल काढली. पुढच्या वेळी ते गाणं आलं तेव्हा त्यांनी निमूट 'आलो' लिहिलं.

त्या दिवशी घरी आल्यावर मात्र मी चिडून म्हटलं होतं, "इतकं लगेच का ऐकलं तुम्ही?"

"कोर्टात शिपाई दाराशी येऊन नाव पुकारतो, मॅडम. तीनदा पुकारा होतो. तीनदा बोलावून माणूस आला न्हाई, तर मंग त्याला गैरहजर लिहितात." मग म्हणाले, "माझा एक पुकारा झाला. तेवढं बस."

"अजून दोन राहिले की मग."

"ऱ्हाऊ द्या. राहिलेलेच बरे. तंवर गैरहजर तरी लिहावं लागत न्हाई."

त्या रविवारी ते शर्ट घालून ओसरीवर बसले. मीही जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसले. फाटकासमोरून रिक्षा गेल्या, माणसं गेली. एक रिक्षा फाटकाशी थांबली तेव्हा ते उभे राहिले. शेजारच्यांकडं कुणी आलं होतं. दिवे लागल्यावर त्यांनी गळ्याचं बटण काढलं आणि आत गेले. दाराला वीट लावल्याचा आवाज आला. मला त्या न पाहिलेल्या मुलीचा भयंकर राग आला. आणि लगेच वाटलं, बंद दारापुढं मी उभी असते, तर मी परत आले असते का?

पुढंही रविवार येत राहिले. ती आली नाही. तिनं ऐकलं का, तेही कधी कळलं नाही.

आता मी दुसऱ्या गावी असते. एखाद्या रविवारी फोनवर ती उपासना लावते. कॅमेरा सरकवला आहे, अख्खा पडदा दिसतो. गाण्यांच्या मागं धबधबे आले आहेत. ओळींतून शब्द खाली घसरून एकटेच पडलेले असतात, आणि मी इथं बसून कासावीस होते. यांचं काम दुसऱ्या कुणाकडं गेलं ते उघड आहे. का गेलं, हे विचारायला फोन लावायचा मला धीर होत नाही. त्यांचं वय माझ्या ध्यानात आहे.

कंपनीनं माझी बदली केली, त्या दिवसाचं सांगून थांबते. सामान पुढं गेलं होतं. मी हातात पिशवी घेऊन ओसरीवर आले. रविवार नव्हता, तरी त्यांनी पांढरा शर्ट घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावून. शनिवारच्या वाचनाला आता कोण, हा प्रश्न आमच्या दोघांच्याही तोंडावर आला होता आणि दोघांनीही तो गिळला. मी वाकून नमस्कार केला. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. परत येणं होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, मलाही होतं. पण निघताना आपण काय म्हणतो, ते काही बदलत नाही.

"काका, येते."

रोज सकाळी म्हणत तसं ते 'या मॅडम, या' म्हणतील म्हणून मी थांबले. ते माझ्याकडं बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून फाटकाकडं बघत होते.

"ये," ते म्हणाले. "ये गं."

ते 'ये' माझं नव्हतं. ज्या दिवशी म्हणायचं राहिलं, त्या दिवसाचं होतं. पण घ्यायला तिथं दुसरं कुणी नव्हतं. म्हणून मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या वतीनं पुन्हा एकदा नीट म्हणाले, "येते."